मी वडूजला रागानं गेले

लोक मला सत्काराला बोलावतात, हार घालतात आणि माझ्या त्यागावर बोलायला लागतात, तेव्हा मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. त्याग कसला डोंबलाचा! मी खेड्यात गेले ती रागानं गेले. अर्धा राग एका मोठ्या डॉक्टरावर होता आणि अर्धा स्वतःवर. सत्कारात हे सांगता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

दुसरी मोठी लढाई चालू होती ती वर्षं. मी सांगलीची, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातली. आमचं घर जैन. दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची, पाणी गाळून प्यायचं, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ द्यायची नाही. अशा घरातली मुलगी डॉक्टरकी शिकायला मुंबईला गेली, तेव्हाच अर्ध्या पेठेनं बोटं मोडली होती. डॉक्टर झाल्यावर मी आणखी एक हट्ट केला, डोळ्यांचं काम शिकायचं. डोळ्यांच्या वॉर्डात आम्ही आठ जण होतो. सात मुलगे आणि मी.

एकदा वॉर्डात कुणी थोर पाहुणे आले. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जण शिकून खेड्यात जाणार?" सात हात सटासट वर गेले. माझा खालीच. आम्हाला शिकवणारे मोठे डॉक्टर, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरचं काही फोडलंय. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "निदान पाहुण्यांपुरता तरी हात वर करायचा."

मी म्हटलं, "साहेब, मला सांगलीत दवाखाना काढायचाय. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, पेठेत जागासुद्धा बघून ठेवलीय. मी खोटा हात का वर करू?"

त्या सात हातांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे. सातही मुंबई-पुण्यातच राहिले. त्यांना दोष देत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी देते. जायचं नव्हतं तर हात खाली ठेवायचा होता. पण माझाही हात खालीच होता, हे विसरून चालणार नाही, कारण त्या दिवशी मला खरोखरच कुठल्याही खेड्यात जायचं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात साहेबांनी वडूजला डोळ्यांचा कॅम्प घेतला. कोरेगावपर्यंत रेल्वे आणि पुढं कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार. चढ आला की ती मोटार दमायची आणि आम्ही उतरून तिच्यामागून चालायचो. वडूजला शाळा आठवडाभर रिकामी करून दिली होती. एका वर्गात ऑपरेशनचं टेबल, एकात पुरुष, एकात बायका. बायकांची खोली माझ्याकडं, कारण आठांत बाई मी एकटी. सुरीला मला हात लावू देत नव्हते. बाईच्या हाताला ते झेपत नाही म्हणे. का झेपत नाही ते कुणी सांगितलं नाही.

आता त्या वेळी मोतीबिंदू कसा काढायचे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोळ्याला छेद द्यायचा, पिकलेला मोतीबिंदू बाहेर काढायचा आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधायची. जखमेला टाका घालत नव्हते. ती आपली आपण जुळून यायची. त्यासाठी रोग्यानं उताणं पडून राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, चावायचं नाही, शिंकायचं नाही. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. आम्ही येरळा नदीच्या पात्रातली वाळू भरली होती. पेज चमच्यानं भरवायची. असे तीन-चार दिवस निभावले की डोळा वाचला.

माझ्या खोलीत नऊ बायका होत्या. दाराजवळच्या कोपऱ्यात होती ती जवळच्याच एका वाडीची, चाळिशीची. नवरा पलटणीत. घरात ती आणि तिचा म्हातारा सासरा, दोघंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला, डावा पिकायला लागलेला. उजव्याचं ऑपरेशन साहेबांनी केलं आणि ते छान झालं. ती बाई पडून राहण्यात सगळ्यांत शहाणी. दोन दिवस बोटसुद्धा हलवलं नाही. मी पेज भरवायला बसले की ओठ तेवढे उघडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याच उशाशी बसले होते. बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली, थांबली, आणि कुणीतरी खाकरलं.

आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. घरातला वडीलधारा पुरुष दारात येण्याआधी बाहेर थांबून खाकरतो. आत बायका असतात. त्यांनी सावरून बसावं, डोक्यावर पदर घ्यावा, मग तो पाऊल टाकतो. ही सभ्यता आहे. तो म्हातारा तिचा सासरा होता. वाडीवरून उन्हातान्हात सुनेला बघायला आला होता आणि चारचौघांत वागावं तसं वागला.

ती ताडकन उठून बसली. पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी, चाचपडत, तिनं पदर डोक्यावर ओढला.

मी तिच्या उशाशी होते. तिच्या खांद्यावर नुसता हात दाबला असता तरी ती उठली नसती. पण माझे हात माझ्या डोक्यावर होते. मीही उठून उभी राहिले होते आणि माझा पदर ओढत होते! मुंबईत इतकी वर्षं शिकलेली मी, माणसाच्या डोळ्यातला पडदा न् पडदा पाठ असलेली मी. म्हातारा खाकरला आणि दोघी एका दमात उठलो.

मग ती कळवळली. पट्टी ओली झाली. मी तिला आडवं केलं, पण उशीर झाला होता. जखम उघडून डोळ्याच्या आतलं बाहेर आलं होतं. साहेब धावत आले, पट्टी सोडून बघितलं आणि हात धुवायला गेले. तो डोळा गेला.

म्हातारा दारातच उभा. "काय झालं जी? काय झालं?" सारखं विचारत होता. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी त्याच्या अंगावर ओरडले, "आवं, खाकरलात कशाला? तुमच्या त्या खाकरण्यानं डोळा गेला की हिचा!"

हातातलं ताकाचं गाडगं म्हाताऱ्यानं भिंतीशी ठेवलं आणि मागं सरत सरत व्हरांडा उतरून गेला.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा सगळ्यांना जमवलं आणि नोंदवहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. 'रोग्याने सूचना पाळली नाही.' मग वही मिटून म्हणाले, "बघितलंत? एक सांगितलेलं वाक्य यांना पाळता येत नाही. हे लोक अजून ऑपरेशनच्या लायकीचे नाहीत. तिच्या दुसऱ्या डोळ्याला कुणी हात लावायचा नाही. आणि खेड्यात जायची स्वप्नं कुणी बघत असेल तर त्यानं आजचा दिवस लक्षात ठेवावा."

सातही माना हलल्या. हात वर करणारे तेच हे सात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, हे खोटं लिहिलंय," मी म्हटलं.

"काय?"

"मीसुद्धा उठले. तिच्या जागी मी पडले असते तर मीही उठूनच बसले असते. ती लायकीची नाही तर मग मीही नाही, माझी डिग्री फाडून टाका. आपण तिला हलू नको म्हणून सांगितलं. सासरा आला तर काय करायचं ते सांगितलं? त्याला फाटकाशी कुणी अडवलं? बायकांच्या खोलीच्या दाराशी बाप्या माणूस येणार, तो खाकरणार आणि बाया उठणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही. वहीत माझं नाव लिहा."

कुणीतरी मागं हसलं. साहेबांचा आवाज चढला नाही. ते फक्त म्हणाले, "इतकी कणव असेल तर तू ये इथं राहायला. वर्षभर टिकून दाखव."

"येते की!" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. निघून गेलं ते बरंच झालं, विचार करत बसले असते तर आज सांगलीच्या पेठेत पाटी लावून बसलेली दिसले असते.

पण सुरी हातात घेतल्याशिवाय येऊन करणार काय? मुंबईला परत गेल्यावर मी खाटकाकडून बोकडाचे डोळे आणायला लागले. हात बसवायचा म्हणजे दुसरा मार्ग नव्हता. रोज सकाळी डबाभर डोळे, आणि मी छेद देत बसायची. पहिले शंभर तरी वाया गेले असतील. सुट्टीत सांगलीला गेले तेव्हा मी हे लपवलं नाही. जेवताना सरळ सांगितलं. आईनं घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट वेगळं मांडलं गेलं. अण्णांनी मात्र निराळंच धरलं. "बोकडाचं देव बघून घेईल," ते म्हणाले. "पण वडूज? पेठेतली जागा सोडून वडूज? लोक मला काय म्हणतील? पोरीला सांगलीत कुणी विचारलं नाही म्हणून रानात गेली म्हणतील."

"म्हणू देत," मी म्हटलं. "त्यांचे डोळे पिकले की माझ्याकडंच येतील, तेव्हा त्यांना हेच विचारते."

अण्णा त्यावर हसतील असं मला वाटलं होतं. ते उठून दुकानात गेले. मी निघाले त्या दिवशी पोचवायला स्टेशनवर आले नाहीत. ते मला लागलं, अजून लागतं.

साहेबांच्या मागं मी सावलीसारखी उभी राहिले. प्रत्येक ऑपरेशनला. "आज तरी?" "नाही." "आज?" "नाही." असं कितीतरी महिने चाललं. शेवटी वैतागून त्यांनी एक दिवस सुरी माझ्या हातात दिली आणि स्वतः माझ्या जागी उभे राहिले. त्या रोग्याला दिसायला लागलं. पुढच्या आठवड्यात साहेबांनी स्वतःहून दोन ऑपरेशनं दिली. माणूस वाईट नव्हता. पण त्या वहीतलं वाक्य त्यांनी कधी खोडलं नाही, आणि मी ते कधी माफ केलं नाही.

कॅम्पनंतर दोन वर्षांनी मी वडूजला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आल्या आल्या एक केलं. डोक्यावर पदर घ्यायचा नाही. दवाखान्यात नाही, बाजारात नाही, मामलेदार समोर आला तरी नाही. "डाक्तरीणबाई लय फटकळ हाय," असं गावानं ठरवून टाकलं. ठरवू दे. माझे हात मला मोकळे हवे होते.

पहिले काही महिने आलेले डोळे आणि रांजणवाड्या, एवढंच. ऑपरेशनला कुणी तयार नाही. वडूजला डोळा गेल्याची बातमी सगळ्या खटाव तालुक्यात पोचली होती. मग एक दिवस मी बैलगाडी केली आणि त्या वाडीवर गेले.

म्हातारा अंगणातल्या दगडावर बसला होता. मी हाक मारली तसं त्यानं तोंड फिरवलं. रागावलाय, मी मनात म्हटलं, आणि रागावणारच की. त्याच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. तशीच आत गेले.

ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. डावा डोळा आता पुरता पांढरा झाला होता. उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. भाकरी भावकीतली एक बाई करून द्यायची.

"दुसऱ्याचं करूया," मी म्हटलं.

"नगं बाई. येक गेला. ह्यो ऱ्हाऊ द्या. दिस उगावला-मावळला तेवढं कळतंय."

"काही वर्षांनी तेही कळणार नाही. हा डोळा असाच ठेवला तर आतून फुगून दुखायला लागेल. मग तुम्हीच काढून टाका म्हणाल."

ती एकदम म्हणाली, "तवा तुमी बी उठला हुता न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माज्या डोळ्याला पट्टी हुती, कानाला न्हवती. तुमच्या बांगड्या वाजल्या की."

दोन वर्षं तिला हे माहीत होतं. तिनं वाडीत कुणालाही सांगितलं नव्हतं. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं कबूल केलं. मी उठले, माझे हात डोक्यावर होते, तिला धरायचं ते मी पदर धरला.

"व्हय," ती म्हणाली. "बाईची जात. दुसरं काय करनार तुमी?" मग म्हणाली, "आता पदर घेत न्हाई म्हनं तुमी. समदी बोलत्यात."

"नाही घेत."

"मंग तुमच्याच हातनं करा. त्या सायबाच्या नगं."

मी तिला माझ्या खोल्यांवर आणलं. या वेळी मी तिला हलू नको म्हणून नुसतं सांगितलं नाही. ऑपरेशन झाल्यावर पट्टी बांधण्याआधी तिचा पदर तिच्या डोक्यावरून घेतला आणि त्याच्यावरून पट्टी गुंडाळली. "हा पदर आता पडतच नाही," मी सांगितलं. "ब्रह्मदेव जरी दारात आला तरी तुमचं डोकं झाकलेलं आहे. उठायचं कारण नाही." ती पट्टीखाली हसली, तर मी त्यावरूनही रागावले, कारण हसायचंही नव्हतं. बाप्या माणसांना फाटकाबाहेर बसवलं. पुढं माझ्या सगळ्या बायकांना मी अशीच पट्टी बांधली. मुंबईहून कुणी आलं की बघून हसायचं. हसू दे. त्या खोल्यांत पदरापायी पुन्हा एकही डोळा गेला नाही.

नवव्या दिवशी सकाळी पट्टी सोडायची होती. ती म्हणाली, "मामंजीस्नी बोलवा." तिच्या इच्छेला मी नाही म्हटलं नाही. भावकीतल्या एकानं म्हाताऱ्याला गाडीतून आणलं आणि उन्हात, दारासमोरच, उभं केलं.

मी पट्टी सोडली. डोळा स्वच्छ होता. जखम जुळली होती. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला भिंगाशिवाय नीट दिसत नाही, म्हणून माझ्या पेटीतलं जाड भिंग तिच्या डोळ्यापुढं धरलं आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं वर केली.

"किती बोटं?"

ती माझ्या बोटांकडं बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत होती. मला वाटलं, हाही गेला.

"बोटं किती, सांगा ना!"

"तीन हायती," ती हळूच म्हणाली. "बाई, मामंजींच्या डोळ्यांत काय झालंय?"

मी वळून बघितलं. म्हातारा उन्हाकडं सरळ तोंड करून उभा होता आणि पापणी लवत नव्हती. दोन्ही डोळे खडूसारखे पांढरे. डोळ्यांची डॉक्टर मी! त्याच्या अंगणातून जाता-येता दोनदा गेले, त्यानं तोंड फिरवलं त्याचा अर्थही लावून मोकळी झाले, पण त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही. एका घरात दोन आंधळी माणसं राहत होती आणि ते त्यातल्या एकालाच माहीत होतं. ती तर लग्न होऊन आल्यापासून त्याच्यासमोर मान वर करून कधी उभीच राहिली नव्हती. सासऱ्याचं तोंड ती त्या दिवशी पहिल्यांदा बघत होती.

"आजोबा," मी म्हटलं, "हे कधीपासून? मला सांगितलं का नाही?"

"आसू द्या," तो म्हणाला. "माज्या खाकरन्यानं पोरीचा डोळा गेला. तुमीच म्हनला न्हवं? तिचा घालवून मी कुठल्या तोंडानं माजा दावू तुमाला?"

ते माझे शब्द होते. मी ते त्याच्या अंगावर टाकले होते आणि साहेबांसमोर जाऊन सगळी चूक माझी म्हणून शूर झाले होते. सगळ्या जगाला सांगितलं, याला तेवढं सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तो माझं बोलणं खरं धरून बसला होता आणि तोवर त्याचे डोळे पिकून गेले होते.

"आजोबा, ते खोटं होतं," मी म्हणायला लागले, "चूक माझी होती, मी तिच्याजवळ बसले होते आणि..."

तो मान हलवत होता. ऐकायला तयार नव्हता. हातानं दाराची चौकट चाचपून तो मागं फिरायला लागला.

तेव्हा माझ्यामागं पलंग करकरला. ती सावकाश उठून उभी राहिली होती. जाड भिंग स्वतःच्या हातानं डोळ्यापुढं धरून, मान वर करून, ती आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याशी तोंडावर बोलली.

"मामंजी, माघारी फिरायचं न्हाई. हितं येऊन बसा." आणि मग माझ्याकडं वळून, मालकिणीनं सांगावं तसं म्हणाली, "बाई, ह्येंचं नाव लिवा."

मी ऑपरेशनची वही ओढली आणि लिहिलं.